दाराच्या आतली बाजू
सदर : जुनं जपताना

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेध घाटावर गेल्याशिवाय परत येत नाही. गोदौलियाच्या चौकात रिक्षा सोडायची, गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरायच्या, संध्याकाळच्या आरतीसाठी जागा धरायची. या घाटाशी आपलं नातंही जुनं आहे. १७४८ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी तो बांधवला आणि १७७४ साली अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा बांधणी केली, असं सांगितलं जातं. जवळचाच एक घाट तर अहिल्याबाईंच्याच नावाने ओळखला जातो.

पुढच्या वेळी काशीला जाल तेव्हा मात्र आणखी एक कार्यक्रम ठेवा. सकाळी दशाश्वमेधवरूनच नाव ठरवा आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या तीरावर असलेल्या रामनगरच्या किल्ल्यावर जा. चुनारच्या दगडातला हा अठराव्या शतकातला किल्ला काशीनरेशांचा. तिथल्या संग्रहालयात पालख्या आहेत, अंबाऱ्या आहेत, शस्त्रं आहेत, खगोलाचं गणित दाखवणारं मोठं घड्याळ आहे आणि जुन्या मोटारीही आहेत.

जुन्या मोटारीसमोर उभे राहिलो की आपण काय बघतो? मोठे गोल दिवे, पुढची जाळी, चाकांच्या तारा, बॉनेटवरचा बिल्ला. कुठल्याही संग्रहालयात असो की रॅलीत, तुम्ही एकदा काचेतून आत डोकवा. दाराची आतली बाजू बघा, गादी बघा, छताचं अस्तर बघा. गाडीचं खरं वय तिथे कळतं. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग पुन्हा मारता येतो, क्रोम पुन्हा चढवता येतं. आतलं सामान मात्र पुठ्ठ्याचं, कापडाचं, कापसाचं आणि चामड्याचं. ते ऊन खातं, पाणी पितं, उंदीर आणि वाळवी सांभाळतं आणि शेवटी हार मानतं.

राजेरजवाड्यांच्या गाड्या बाजूला ठेवू. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, किंवा गावच्या वाड्याच्या पडवीत, ताडपत्रीखाली एखादी फियाट उभी असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. १९६४ साली तिची ‘डिलाइट’ आली, १९७४ साली तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता जी घरगुती पद्मिनी शिल्लक आहे, तिला जपणं हे तिच्या घरच्यांच्याच हाती आहे.

अशा गाडीच्या दुरुस्तीत इंजिनावर सगळे बोलतात. आज आपण दाराच्या आतल्या पॅनेलबद्दल बोलू. हे काम घरात बसून, थोड्या खर्चात आणि सगळ्या कुटुंबाच्या मदतीने होण्यासारखं आहे. आणि नेमकं हेच काम घाईत केलं जातं.

पॅनेल कुजतं कशाने?

दाराच्या पत्र्यावर आतून बसवलेली, रेक्झीन चढवलेली जी पातळ फळी असते ते पॅनेल. गॅरेजमध्ये तिला ‘डोअर पॅड’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला हार्डबोर्ड असते. तिच्यावर कापसाचा किंवा फोमचा पातळ थर, त्यावर रेक्झीन आणि मागे कडेकडेने स्प्रिंगच्या क्लिपा. क्लिपा दाराच्या पत्र्यातल्या भोकांत दाबल्या की पॅनेल जागेवर.

बऱ्याच जणांना वाटतं की दारात पाणी जाऊच नये. तसं नाही. काच वर-खाली होते त्या फटीतून पावसाचं थोडं पाणी दारात उतरणारच, असं धरूनच दार बनवलेलं असतं. ते पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत खाली जातं आणि तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. पॅनेलला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये मेणकागद किंवा डांबरी कागद चिकटवलेला असायचा.

पन्नास वर्षांत काय होतं? तळाची भोकं चिखलाने बुजतात. काचेचं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी तो कागद फाडून काढतं आणि पुन्हा लावत नाही. मग पाणी दारातच साठतं, पत्रा खालून गंजतो आणि ओल पॅनेलच्या खालच्या कडेने वर चढते. बोर्ड फुगतो, त्याच्या लाटा होतात, क्लिपांची भोकं फाटतात आणि एके दिवशी पॅनेल दारापासून सुटून गुडघ्याला लागू लागतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: दार दुरुस्त केल्याशिवाय पॅनेल करू नका. तळाची भोकं तारेने मोकळी करा. दारात वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून धारेने बाहेर येतं का बघा. काचेच्या कडेचं रबर कडक झालं असेल तर बदला. गंज खरवडून त्यावर गंजरोधक रंग लावा. हे न करता चढवलेलं नवं पॅनेल जुन्याच्याच वाटेने जातं.

दुरुस्त करायचं की नवं करायचं?

लाकडी नावेची एखादी फळी कुजली म्हणून कुणी नाव जाळत नाही. तेवढीच फळी काढतात, तिच्या मापाची दुसरी बसवतात, सांधे बुजवतात आणि नाव पुन्हा पाण्यात. गाडीच्या आतल्या कामालाही हाच हिशेब लावा. चारही पॅनेल सारखी खराब झालेली नसतात. चालकाच्या दाराचं पॅनेल बहुधा सगळ्यात वाईट असतं, कारण ते दार सर्वांत जास्त उघडतं आणि काच बहुतेक वेळ खालीच असते. मागच्या दारांची पॅनेल कधीकधी ओल्या फडक्याने पुसून चालण्यासारखी निघतात.

फक्त बोर्ड गेला असेल आणि रेक्झीन शाबूत असेल, तर जुनं रेक्झीन हळूहळू सोडवून नव्या बोर्डावर चढवता येतं. रेक्झीन तडकलं असेल आणि बोर्ड चांगला असेल तर उलट. दोन्ही गेलं असेल तरच सगळं नवं. एक दार नवं कोरं आणि तीन जुनी, असं दिसलं तर वाईट दिसेल, ही भीती अनेकांना असते. पण जुन्या गाड्यांच्या जगात आता मूळ वस्तूची किंमत वाढली आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ साली ‘तुरिन सनद’ मंजूर केली. तिचा मथितार्थ आपल्या आज्यांना ठाऊक असलेलाच आहे: जे टिकवता येतं ते आधी टिकवा, बदलणं भाग असेल तेवढंच बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा.

घरच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. चालकाच्या दारावर कोपर टेकून टेकून झालेला गुळगुळीत डाग, मागच्या दारावर कुणा लहान मुलाने पेनने काढलेली रेघ. बाहेरच्या माणसाला ती खराबी दिसते. ती ठेवायची की पुसायची, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. कारागिराकडे गाडी लावल्यावर हा प्रश्न सोडवायला वेळ मिळत नाही.

काढताना

आधी फोटो काढा. चारही दारांचे, सरळ समोरून, आणि प्रत्येक हँडलचा जवळून. काच बंद असताना काचेचं हँडल कोणत्या दिशेला होतं, हेही फोटोत दिसू द्या. परत बसवताना ते तिरपं बसलं तर प्रत्येक वेळी गुडघ्याला लागेल.

हँडल कशाने धरून ठेवलं आहे ते प्रत्येक गाडीत वेगळं. कुठे मधोमध स्क्रू असतो. कुठे हँडलमागची चकती आत दाबली की आरपार गेलेली बारीक पिन दिसते. ती टोच्याने ठोकून काढायची. कुठे घोड्याच्या नालासारखी क्लिप असते. ती काढताना उडते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात कायमची हरवते. म्हणून खाली जुनी चादर अंथरा.

हँडल आणि हात टेकायची पट्टी सुटली की पॅनेल काढायला घ्या. रुंद, बोथट पट्टीला कापड गुंडाळा, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि क्लिप जिथे असेल तिच्या अगदी शेजारीच जोर द्या. दोन क्लिपांच्या मध्ये ओढलंत तर कुजका बोर्ड तुटून हातात येईल.

निघालेल्या प्रत्येक पॅनेलच्या मागे लगेच लिहा: पुढचं डावं, पुढचं उजवं, वर कुठली बाजू. सुटे स्क्रू आणि क्लिपा दारानुसार वेगळ्या डब्यांत ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुनं पॅनेल कितीही कुजलेलं असो, काम संपेपर्यंत ते फेकू नका. तोच तुमचा एकमेव नकाशा आहे. भंगारवाल्याकडे गेलेलं पॅनेल परत मिळत नाही, आणि दुर्मीळ गाडी असेल तर तसं दुसरं बघायलाही मिळत नाही.

नमुना कसा उतरवायचा?

कुजलेला बोर्ड फुगलेला आणि वाकडा असतो. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून नवा कापला तर चूकही नव्या बोर्डात उतरते. म्हणून नमुना दारावरूनच घ्या आणि जुन्या पॅनेलवरून पडताळा.

जाड तपकिरी कागद किंवा पातळ पुठ्ठा दारावर चिकटपट्टीने ताणून लावा. दाराच्या कडेने बोटाने दाबत घडी पाडा आणि त्या घडीवर पेन्सिल फिरवा. भोकांसाठी सोपी युक्ती आहे. पत्र्यातल्या प्रत्येक क्लिपच्या भोकाच्या काठाला ओला खडू लावा आणि मग पुठ्ठा दाबा. वर्तुळं आपोआप उमटतात. हँडलच्या दांड्यांची ठिकाणं अशीच घ्या. पुठ्ठा कापून पुन्हा दारावर लावून बघा. दार उघडा, बंद करा. चौकटीला कुठे घासत नाही ना? पुठ्ठ्यात केलेली चूक दोन रुपयांची असते, बोर्डात केलेली बरीच महाग पडते.

डाव्या दाराचा नमुना उलटा करून उजव्याला वापरण्याचा मोह टाळा. जुन्या गाड्यांच्या बांधणीत हाताचं काम पुष्कळ असायचं आणि नंतर अपघातात एखादं दार ठोकून सरळ केलेलं असतं. दोन्ही बाजूंत थोडा फरक निघतोच. चार दारांना चार नमुने करा.

आणखी एक हिशेब आधीच करा. रेक्झीन बोर्डाच्या कडेवरून मागे वळतं, तेव्हा त्याची जाडी प्रत्येक कडेला भर घालते. म्हणून बोर्ड प्रत्येक बाजूने रेक्झीन आणि फोमच्या वळलेल्या जाडीइतका, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर, लहान कापावा लागतो. हे विसरलं की सगळं झाल्यावर पॅनेल चौकटीत बसत नाही आणि दार आदळून लावावं लागतं.

बोर्ड कोणता घ्यायचा?

मूळ बोर्ड बहुधा तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. जुन्या बोर्डाचा न फुगलेला कोपरा शोधून मोजा आणि तेवढ्याच जाडीचा घ्या. ‘जाड म्हणजे मजबूत’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. जाड बोर्डामुळे क्लिपा भोकापर्यंत पोचत नाहीत, हँडलचा दांडा आखूड पडतो आणि पिन बसत नाही.

हार्डबोर्ड हा मूळचाच पर्याय. वाकतो चांगला, कापायला सोपा, पण पाण्याला भितो. मरीन प्लाय, म्हणजे ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेला, पातळ जाडीत मिळाला तर पाण्यापुढे जास्त टिकतो. मात्र दाराला वक्रता असेल तर प्लायच्या नसा कोणत्या दिशेने आहेत ते बघून कापावा लागतो. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण ओल लागली की पावासारखा फुगतो. तो टाळलेला बरा. फोमच्या पीव्हीसी शीटला पाण्याचं भय नाही, पण उन्हात ती मऊ पडून झुकू शकते. आपल्याकडे उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, हे विसरू नका.

दुकानदाराच्या शब्दावर शंका असेल तर त्याच्याकडून एक तुकडा मागा, घरी बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी जाडी मोजा. उत्तर मिळेल.

बारीक दातांच्या करवतीने कापा. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावली तर कडा तुटत नाहीत. भोकं आधी पाडा, मग कडा पॉलिशपेपरने घासा. त्यानंतर मागची बाजू, सगळ्या कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती यांना वॉर्निश किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्या. पाणी बोर्डात शिरतं ते उघड्या कडेतून. कारखान्यात हे काम बऱ्याचदा झालेलं नसे. तुमचं पॅनेल मूळपेक्षा जास्त टिकायचं असेल तर ते इथेच ठरतं.

रेक्झीन वाळवून कोरा बोर्ड दारावर एकदा बसवून बघा म्हणावं, तर कारागीर कंटाळतात. तुम्ही कंटाळू नका. रंग वाळल्यावर, रेक्झीन चढवण्याआधी, चारही कोरे बोर्ड दारांवर लावून बघा.

रेक्झीन आणि किनखाबाचा मोह

रेक्झीन हा शब्द आपण इतका वापरतो की तो मराठीच वाटतो. मुळात ते इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापूर-तेल आणि रंग यांचा लेप देऊन, त्यावर चामड्यासारखे कण उठवून ते बनवत. आज दुकानात मिळतं ते पीव्हीसीचं. नाव तेवढं राहिलं. फार जुन्या गाडीत मूळचं लेपाचं कापड निघालं तर त्याच्याजवळ वेल्डिंग किंवा काडी नको. ते चटकन पेटतं.

रंग जुळवताना पॅनेलची दर्शनी बाजू घेऊन दुकानात जाऊ नका. ती उन्हाने विटलेली असते. हात टेकायच्या पट्टीखालचा भाग किंवा मागे वळवलेली कड बघा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग तिथे झाकून राहिलेला असतो. अनेकांना इथेच धक्का बसतो: आयुष्यभर मातकट म्हणून ओळखलेली गाडी मुळात आतून लालसर निघते.

रेक्झीनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. चारही नमुने जमिनीवर ५४ इंचांच्या पट्ट्यात मांडून बघा, प्रत्येक नमुन्याभोवती वळवण्यासाठी दोन इंच सोडा आणि मग किती मीटर लागेल ते ठरवा. सगळा माल एकाच ताग्यातून घ्या. दुसऱ्या ताग्याचा रंग किंचित वेगळा निघतो आणि उन्हात तो फरक डोळ्यांत भरतो. शिवाय एक मीटर जास्त घेऊन, गुंडाळी करून कपाटात ठेवा. घडी घालू नका, घडीवर ते तडकतं.

काशीहून परत येताना पिशवीत किनखाबाचा तुकडा असेल, तर तो गाडीच्या दारावर चढवावा असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. रेशीम उन्हाने जिरतं आणि जर कोपराच्या घासण्याने उसवते. किनखाबाची उशी करून मागच्या सीटवर ठेवा. रॅलीच्या दिवशी मिरवा आणि घरी आलात की कपाटात.

मूळपणाचा आग्रह किती धरायचा, यावर मात्र एकच उत्तर नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवा. छताला फुलाफुलांचं प्लास्टिक, सीटला भडक रंग. यातलं काहीच कारखान्यातून आलेलं नसे. २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी या टॅक्सींच्या सीटा आणि छतं आपल्या चित्रांनी सजवली, तीही आता त्या गाडीच्या इतिहासाचा भाग झाली. तुमच्या गाडीत वडिलांनी १९८० साली हौसेने बसवलेलं पॅनेल असेल, तर ‘मूळ नाही’ म्हणून ते उपटण्याआधी दोनदा विचार करा.

चढवणं

फोम जुन्याच जाडीचा घ्या. पॅनेलवर उभ्या शिवणींच्या नळ्या असतील तर रेक्झीन आणि फोम एकत्र आधी शिवून घ्यावे लागतात, आणि प्रत्येक नळी फुगताना थोडी रुंदी खाते. म्हणून एक वीत रुंद नमुना शिवा, किती कमी झालं ते मोजा आणि त्या प्रमाणात पूर्ण कापड मोठं कापा. काही गाड्यांवरच्या रेघा शिवलेल्या नसतात, उष्णतेने दाबून उमटवलेल्या असतात. शिवणीने ती नक्षी हुबेहूब येत नाही. अशा वेळी जुनं रेक्झीन वाचवण्याचा प्रयत्न जास्त करावा.

चिकटवायला गॅरेजमध्ये ज्याला ‘सोल्यूशन’ म्हणतात ते लागतं. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि बोट लावल्यावर चिकटणार नाही इतकं सुकू द्या, मगच जोडा. ओलं असताना जोडलं तर आत वाफ अडकून फुगे येतात. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देव्हाऱ्यातला दिवाही पेटता नको, आणि मुलांना या टप्प्याला दूर ठेवा.

रेक्झीन थोडा वेळ उन्हात ठेवा, ते लवचीक होतं. मग बोर्ड पालथा ठेवून वरच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात करा, नंतर खालच्या कडेचा मध्य, मग डावा, मग उजवा. समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून ताणत कोपऱ्यांकडे जा. बाहेरच्या गोलाईवर बारीक त्रिकोणी तुकडे कापून काढा, आतल्या गोलाईवर नुसत्या चिरा द्या. चीर बोर्डाच्या कडेपर्यंत नेऊ नका, समोरून दिसते. पुरणपोळीची कड बंद करणाऱ्या हातांना हे लवकर जमतं. पिना मारायच्याच असतील तर स्टीलच्या आणि आखूड; लोखंडी पिना गंजतात आणि पातळ बोर्डातून आरपार जाऊन रेक्झीनला टोचतात.

हँडलची भोकं शेवटी कापा आणि लहानच कापा. ती चकतीखाली झाकायची असतात. मोठी झाली तर लपवायला जागा नाही.

बसवण्याआधी तो फाटलेला कागद आठवा. त्याच्या जागी जाड प्लास्टिकचा कागद दाराच्या पत्र्यावर कडेकडेने चिकटवा. त्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत सोडा. म्हणजे कागदावर आलेलं पाणी परत दारात पडेल आणि तळाच्या भोकांतून निघून जाईल. ती कड बाहेर राहिली तर सगळं पाणी थेट नव्या पॅनेलच्या मागे उतरेल. या एका इंचावर तुमच्या कामाचं आयुष्य अवलंबून आहे. त्यानंतर नव्या क्लिपा, पॅनेल, पट्टी, हँडल.

कारागिराकडे देणार असाल तर

सगळ्यांना हे हाताने जमेल असं नाही, आणि शिवणकाम तर सराइताचंच. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊसचा परिसर, पुण्यात नाना पेठ, आणि जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे एखादा सीट-कव्हरवाला मास्तर असतो. त्यांच्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी फियाटची दारं शेकड्याने केलेली असतात. आता त्यांच्या दुकानात तयार कव्हरं विकली जातात आणि हाताने पॅनेल करणाऱ्यांची संख्या घटते आहे. त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

जाताना पुठ्ठ्याचे नमुने आणि जुनी पॅनेल घेऊन जा. काय हवंय ते तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवा. बोर्ड कोणता, फोम किती जाड, कडा रंगवणार का, प्लास्टिकचा कागद लावणार का, हे कागदावर लिहून भाव ठरवा. पहिलं एकच पॅनेल करून घ्या, दारावर लावून बघा, मग उरलेली तीन. ‘मास्तर, जुना माल परत हवा’ हे आधीच सांगा. नाहीतर तो सवयीने कचऱ्यात जातो. कापताना शक्य असेल तर तिथे बसा, चहा मागवा. त्या तासाभरात जे शिकायला मिळतं ते कुठल्याही पुस्तकात नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘विंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. दाराचं पॅनेल या यादीत येत नाही, त्यामुळे ते बदलल्याने नोंदणीला अडचण नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये, असं त्या नियमांत ठरलं. नव्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र आपला जुना क्रमांक ठेवता येतो.

अर्ज करण्याआधी एक अट नीट वाचा. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुमच्या घरी दर रविवारी त्याच गाडीतून भाजी आणायची पद्धत असेल, तर हा शिक्का तुमच्यासाठी आहे का, याचा शांतपणे विचार करा.

शेवटचं एक काम

पॅनेल चढवण्याआधी नव्या बोर्डाच्या मागच्या बाजूला तारीख, गाव, बोर्डाचा आणि रेक्झीनचा प्रकार, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं लिहा. मास्तरांचंही लिहा. मुलांना सही करू द्या. जुन्या पॅनेलचा निदान एक चांगला तुकडा, त्यावरचं रेक्झीन आणि एक मूळ क्लिप पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुठ्ठ्याचे नमुने गुंडाळून माळ्यावर.

तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा ते दार उघडेल. तेव्हा त्याला मूळ रंग कोणता होता, बोर्ड केवढा होता आणि हे कुणी केलं, हे विचारायला कदाचित घरात कुणी नसेल. उत्तर पॅनेलच्या मागे सापडलं पाहिजे.

पुढच्या महिन्यात आपण मान वर करू: लोंबलेलं छताचं अस्तर, त्याच्या तारा आणि ते एकट्याने का लावू नये. तोवर पाऊस येण्याआधी दाराच्या तळाची भोकं तेवढी तपासून घ्या.